ऊसपट्ट्यातील ट्रॅप कॅमेरा : जागा, जोडणी आणि चित्रांचे वाचन

नाशिक जिल्ह्यात गोदावरी, दारणा व कडवा या नद्यांच्या खोऱ्यांत पाटपाण्याची सोय झाली, तसा ऊस वाढला. बारा ते अठरा महिने शेतात उभे राहणारे हे पीक शेतकऱ्यास रोख पैसा देते आणि बिबट्यास आडोसा, सावली व पिलांकरिता निवांत जागा देते. निफाड, सिन्नर, दिंडोरी व नाशिक या तालुक्यांत मळ्यावर वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबांना हे नव्याने सांगावयास नको. रात्री दाराशी भुंकणारे कुत्रे एकाएकी गप्प होते, सकाळी त्याची साखळी तेवढी उरते आणि दुपारपर्यंत गावात तीन वार्ता पसरतात. एकाच्या मते बिबट्याची जोडी आहे, दुसऱ्याच्या मते दोन पिलांसह मादी आहे, आणि तिसरा म्हणतो की बिबट्या नव्हेच, तरस होते. संध्याकाळी ग्रामपंचायतीपुढे माणसे जमतात व पिंजरा लावण्याची मागणी होते. एवढ्या अवधीत शेतातील पाऊलखूण मात्र कोणी पाहिलेली नसते, आणि पाहावयास गेलेल्यांच्या पायांखाली ती बहुधा मोडून गेलेली असते.

अशा वेळी कोणता प्राणी आला, कोणत्या वाटेने आला आणि किती वाजता आला, या तीन प्रश्नांचे खात्रीचे उत्तर ट्रॅप कॅमेरा देऊ शकतो. याहून अधिक काही तो करीत नाही. नावात ‘ट्रॅप’ हा शब्द असल्यामुळे पुष्कळ गावांत त्याची व पिंजऱ्याची गल्लत होते, आणि “वनखात्याने कॅमेरा लावला, मग बिबट्या अजून पकडला का नाही ?” असा प्रश्न विचारला जातो. कॅमेरा लावण्यापूर्वीच गावकऱ्यांना हा फरक समजावून सांगावा, म्हणजे पुढील गैरसमज टळतात.

हे साधन जाडजूड पुस्तकाएवढ्या पेटीच्या आकाराचे असते व झाडाच्या बुंध्यास पट्ट्याने बांधता येते. पेटीच्या दर्शनी भागात भिंगाखेरीज उष्णता ओळखणारी एक खिडकी असते. प्राण्याच्या अंगाची ऊब भोवतालच्या जमिनीपेक्षा व झाडोऱ्यापेक्षा निराळी असते. ही ऊब खिडकीसमोरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकली की कॅमेरा जागा होतो व चित्र घेतो. रात्री तो अवरक्त किरणांचा प्रकाश टाकतो. हा प्रकाश माणसाला जवळजवळ दिसत नाही, आणि त्या प्रकाशात निघालेले चित्र काळेपांढरे असते. ही रचना ध्यानात घेतली की कॅमेऱ्याच्या खोडीही समजतात. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी जमीनच इतकी तापते की प्राण्याच्या अंगाची ऊब तीत वेगळी उमटत नाही आणि कॅमेरा चुकतो. उलट, उन्हाने तापलेली उसाची पाने वाऱ्याने हलली की समोर काहीही नसताना शेकडो चित्रे निघतात. प्राणी कॅमेऱ्याच्या दिशेने सरळ चालत आला तर खिडकीला त्याची चाहूल उशिरा लागते. तो आडवा गेला तर लवकर लागते.

कल्पना नवी नाही. वाटेत ताणलेल्या दोरीला वन्य प्राण्याचा पाय लागताच उजेडाची दारू पेटावी व चित्र निघावे, अशी योजना अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केली होती. आपल्याकडे संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी याच रीतीने वाघांची चित्रे घेतली व १९२७ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुढे डॉ. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे कॅमेऱ्यांच्या आधारे वाघांची संख्या शास्त्रीय रीतीने अजमावली. त्यांचा तो निबंध १९९५ चा आहे. आज देशातील व्याघ्रगणनेचा कणा हाच कॅमेरा आहे.

ऊसपट्ट्यापुरते पाहावयाचे तर नाशिक जिल्ह्याच्या शेजारचे अकोले येथील काम अधिक उपयोगाचे आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील या तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॅप कॅमेरे लावून अभ्यास केला व तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे राखीव जंगल नव्हते. ऊस, भाजीपाला व वस्त्या होत्या आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहत होती. अशा भागात दर १०० चौरस किलोमीटरला प्रौढ बिबट्यांची संख्या सुमारे ४.८ व तरसांची सुमारे ५ आढळली. म्हणजे बिबट्याएवढीच तरसेही त्या शिवारांत फिरत होती आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. रानमांजर, कोल्हा व वाघाटी हे प्राणीही त्याच शेतांत नांदत होते. त्याच भागातील बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करून २०१४ मध्ये असे दाखविण्यात आले की, त्यांच्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, तर शेळ्यांचा ११ टक्के होता. शेळ्या कुत्र्यांहून कितीतरी अधिक असूनही असे घडले, कारण शेळी रात्री गोठ्यात बंद असते आणि कुत्रे उकिरड्याभोवती मोकळे फिरते. कॅमेऱ्याच्या चित्रांत कुत्र्यांची गर्दी दिसली तर ती चित्रे वाया गेली असे समजू नये. बिबट्या त्या वाटेला का येतो याचे उत्तर पुष्कळदा त्याच चित्रांत असते.

जागेची निवड

कॅमेरा कोठे लावावा हे कॅमेऱ्याकडे पाहून ठरत नाही, जमिनीकडे पाहून ठरते. सकाळी ऊन तिरपे असताना पाणंद, पाटाची चारी, ओढ्याचे कोरडे पात्र व उसाच्या दोन फडांमधील बांध यांवरून एक फेरी मारावी. बिबट्याला दाट पिकातून अंग घासत जाण्यापेक्षा मोकळी वाट पसंत असते, आणि तीच ती वाट तो पुन्हा पुन्हा धरतो. त्याच्या पावलाच्या खुणेत नखे उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. तरस, लांडगा व कुत्रा यांची नखे उमटतात, आणि तरसाचे पुढचे पाऊल मागच्यापेक्षा स्पष्टपणे मोठे असते. एवढी ओळख असली तरी निम्मे वाद कॅमेऱ्यावाचूनच मिटतात. मऊ माती नसेल तेथे वाटेवर हातभर रुंदीची बारीक मातीची पट्टी पसरून ठेवावी व सकाळी पाहावी. तीन-चार दिवसांत जेथे खुणा दिसतील तेथेच कॅमेरा न्यावा. मेलेल्या शेळीजवळ किंवा आमिष ठेवून त्यावर कॅमेरा लावण्याचा मोह टाळावा. वस्तीनजीक मांस टाकणे म्हणजे बिबट्याला दाराशी बोलावणे होय.

स्वतःच्या शेतात कॅमेरा लावतानाही वनरक्षकास आधी कळवावे, आणि वनजमिनीत तर वनखात्याच्या परवानगीवाचून कॅमेरा लावूच नये. बिबट्या हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. निघालेल्या चित्रांचा उपयोगही अखेर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनाच व्हावयाचा असतो.

जोडणी

कॅमेरा जमिनीपासून गुडघ्याएवढ्या, म्हणजे ४० ते ४५ सेंटिमीटर उंचीवर असावा. माणूस सवयीने तो छातीच्या उंचीवर बांधतो व मग चित्रात केवळ पाठ आणि शेपटीचे टोक येते. वाटेपासून अंतर तीन ते चार मीटर ठेवावे. तोंड पूर्वेस किंवा पश्चिमेस करू नये. उगवत्या व मावळत्या सूर्याचा झोत भिंगात शिरून नेमक्या उपयोगाच्या वेळची चित्रे पांढरी पडतात. समोरचे गवत व लोंबणारी पाने विळ्याने काढून टाकावीत, परंतु दुसऱ्याच्या उसाचे पान त्याला विचारल्याशिवाय कापू नये. बांधण्यासाठी लिंबाचा किंवा बाभळीचा जाड बुंधा उत्तम. द्राक्षबागेच्या मांडवाला कॅमेरा बांधण्याची नाशिककडे सोय दिसते, पण तारांच्या ताणाने व वाऱ्याने लोखंडी खांब हलत राहतो. शिवाय ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की भिंगावर औषधाचा थर बसतो. बोर्डो मिश्रणाची निळसर पुटे चढलेल्या कॅमेऱ्यातून बिबट्या व वासरू यांत फरक करता येत नाही. बागेलगत कॅमेरा लावणे भागच असेल तर फवारणीच्या दिवशी तो काढून घ्यावा.

घड्याळ व तारीख आधी बरोबर लावावी. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सर्वांत अधिक चूक हिच्यातच होते. बॅटऱ्या बदलताना काही कॅमेऱ्यांतील घड्याळ मागे जाते आणि मग पहाटे चारला गेलेला प्राणी दुपारी गेल्याची नोंद होते. ज्या भागात शेतीपंपाची वीज रात्रपाळीने मिळते, तेथे माणसाने मोटार सुरू करावयास केव्हा जावे हे त्या वेळेवर ठरावयाचे असते. चुकीची वेळ माणसाच्या जिवाशी खेळ करते. सर्व बॅटऱ्या एकाच वेळच्या व एकाच प्रकारच्या घालाव्यात. जुन्या-नव्यांची मिसळ करू नये. कार्ड कोरे करून घालावे. प्रत्येक वेळी तीन चित्रे निघतील अशी योजना करावी. शेवटी लावणाराने स्वतः वाकून, चालत, कॅमेऱ्यासमोरून दोनदा जावे आणि चित्र तपासावे. पाटीवर ठिकाणाचे नाव व तारीख लिहून ती पहिल्या चित्रात धरली तर पुढे कोणते कार्ड कोठले याचा घोळ होत नाही.

सिमकार्ड घालून चित्र लगेच मोबाइलवर पाठविणारे कॅमेरेही मिळतात. ते महाग पडतात, आणि दरीत किंवा दाट उसात, जेथे मोबाइललाच संकेत मिळत नाही, तेथे त्यांचा हा गुण निरुपयोगी ठरतो. साधा कॅमेरा तीन-चार दिवसांनी पाहावा. पाहावयास दिवसा जावे, दोघांनी जावे व बोलत जावे.

चित्रांचे वाचन

दहा दिवसांत पाच चित्रे मिळाली म्हणजे पाच बिबटे झाले, असे नव्हे. २०१८ च्या अखिल भारतीय गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले व ३ कोटी ४८ लाखांवर चित्रे निघाली. त्यांत बिबट्याची ५१ हजारांहून अधिक चित्रे होती. परंतु ठिपके जुळवून पाहता त्यांतून ओळखता आलेले निरनिराळे प्रौढ बिबटे ५,२४० होते. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी वेगळी असते, आणि त्याच बिबट्याच्याही डाव्या व उजव्या कुशीवरील मांडणी वेगवेगळी असते. एकाच बाजूस कॅमेरा असेल तर जाताना डावी व येताना उजवी कूस मिळते आणि एक बिबट्या दोन म्हणून मोजला जातो. यास्तव मोजणीकरिता वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर, थोडे पुढेमागे, असे दोन कॅमेरे लावतात. गावाकडे एकच कॅमेरा असेल तर फक्त एकाच कुशीची चित्रे एकमेकांशी ताडून पाहावीत व “निदान इतके” असा आकडा द्यावा. नेमका आकडा सांगण्याची घाई करू नये. कुशीवरील तीन-चार ठिपक्यांचा एखादा पुंजका निवडून तो दोन्ही चित्रांत शोधणे, हीच सर्वांत सोपी रीत होय. अवरक्त प्रकाशातील काळ्यापांढऱ्या चित्रातही ठिपके चांगले दिसतात.

हे सर्व कशासाठी, हे जुन्नरच्या अनुभवावरून कळेल. पुणे जिल्ह्यातील त्या ऊसपट्ट्यात २००१ पासून बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर ते सरासरी १७ वर गेले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो, हे त्याचे एक अंग. दुसरे असे की पकडलेला बिबट्या सोडल्या ठिकाणी राहत नाही. २००९ साली अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून काढलेल्या एका म्हाताऱ्या नराला गळपट्टा बांधून माळशेज घाटात सोडले, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. ‘आजोबा’ या नावाने तो पुढे महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाला.

पिंजरा हे आंधळे साधन आहे. शेळीच्या वासाने जो पहिला येईल तो त्यात अडकतो. पहिल्या अनुसूचीतील प्राणी पकडण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षकांकडून यावा लागतो, तो याच कारणाने. ज्या ठिकाणी माणसावर हल्ला झाला असेल तेथे पिंजऱ्याची मागणी रास्त असते, व तेथेही कॅमेऱ्यातील ठिपके पकडलेल्या प्राण्याशी ताडून पाहता येतात. जेथे फक्त वाट ओलांडताना दिसला, कुत्रे नेले, एवढेच घडले असेल तेथे कॅमेऱ्याची दहा दिवसांची चित्रे व गोठ्याला जाळीचे दार यांनी अधिक काम होते. उदाहरणार्थ, कडवेच्या काठी एखाद्या शिवारात दहा रात्रींत एकाच मादीची सहा चित्रे निघाली, सर्व रात्री नऊ ते पहाटे चार या वेळेतील आणि सर्व ओढ्याच्या वाटेवरील, असे समजू. तर तेवढ्यावरून मुलांनी शाळेतून येताना ओढ्याची जवळची वाट सोडावी, संध्याकाळनंतर ओढ्याकडील शेताला पाणी भरण्यास एकट्याने जाऊ नये, आणि त्या शिवारातील पंपांना दिवसा वीज मिळावी असा अर्ज चित्रांसह द्यावा, इतकी तीन कामे तरी ठरविता येतात.

ऊसतोड व बछडे

गळीत हंगामात, म्हणजे साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, कॅमेऱ्याचा आणखी एक उपयोग होतो, आणि नाशिककडे तो सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. मादी उसात विते. तोडणी जसजशी पुढे सरकते तसतसा आडोसा आखडत जातो व अखेर शेवटच्या पट्ट्यात कोयत्यापुढे दोन-तीन डोळे मिटलेली किंवा नुकतीच डोळे उघडलेली पिले येतात. तोडणी टोळीतील बायामाणसांची मुले त्याच बांधावर खेळत असतात. या क्षणी केलेली चूक दोन्ही बाजूंना भोवते. पिले उचलून वस्तीवर नेली तर मादी त्यांच्या शोधात रात्रभर वस्तीभोवती फिरते.

पिले दिसताच मुकादमाने त्या पट्ट्यातील तोड थांबवावी, माणसे मागे घ्यावीत व वनखात्यास (मदत क्रमांक १९२६) कळवावे. पिलांना हात लावू नये, गायीचे दूध पाजू नये, त्यांच्यासह चित्रे काढू नयेत. वनकर्मचारी व पशुवैद्य आले की प्रथम पिले कोणाची हे ठरते. रानमांजराची व वाघाटीची पिलेही उसातच असतात, आणि ती बिबट्याची समजून गाव जागविल्याचे प्रकार वारंवार घडतात. बिबट्याची पिले असल्यास त्यांची तपासणी करून, दिवस मावळण्याच्या सुमारास, जेथे सापडली तेथेच त्यांना फळांच्या प्लास्टिक क्रेटमध्ये किंवा टोपलीत ठेवतात. शेजारी कॅमेरा लावतात आणि सर्व माणसे, मोटारी व दिवे दूर नेतात. मादी बहुधा जवळच कोठे तरी दबून असते. अंधार पडल्यावर ती येते, क्रेट कलंडते, पिलू मानेच्या कातड्याने उचलते, नेते व दुसऱ्याकरिता परत येते. ही सारी हालचाल कॅमेऱ्यात उमटते. पहाटे क्रेट रिकामा दिसला म्हणजे मादीनेच पिले नेली असे नाही. कुत्र्यानेही नेली असतील. या शंकेचे निरसन चित्रच करते, म्हणून कॅमेऱ्याशिवाय हा प्रयोग अर्धा होय. पहिल्या रात्री मादी न आल्यास दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात.

माणसाच्या हाताचा वास लागला की मादी पिले टाकून देते, असा समज पुष्कळ गावांत आहे. जुन्नर व नाशिक भागांत पशुवैद्याने हाताळलेली, तपासलेली पिले मादीने त्याच रात्री नेल्याची अनेक उदाहरणे आहेत. तेव्हा कोणी अजाणतेपणी पिले उचलली असतील तर ती लपवून ठेवू नयेत. परत ठेवण्याची वेळ गेलेली नसते.

तोडणीचा क्रमही कॅमेऱ्यावरून ठरविता आला तर उत्तम. मादी ज्या बाजूने फडात ये-जा करते ती बाजू शेवटी तोडावी व वस्तीकडून प्रारंभ करावा, म्हणजे तिला ओढ्याकडे निघून जाण्यास वाट राहते. चारी बाजूंनी फड वेढणे व पाचट जाळण्यासाठी उभ्या उसाला आग लावणे यांत पिले होरपळतात, आणि बाहेर पडणारी मादी समोर येईल त्यावर धावते.

इगतपुरी तालुक्यात ऑगस्ट २०२० मध्ये एका मादीने शेतातील झोपडीतच चार पिलांना जन्म दिला होता. इगतपुरी, पेठ, सुरगाणा व अकोले येथील डोंगरी गावांत वाघबारसेला वाघदेवाची पूजा करण्याची रीत जुनी आहे. वाघ शेजारी आहे हे तेथे गृहीत धरलेले असते. सपाटीवरील ऊसपट्ट्याला हे शेजारपण नवे आहे, आणि कॅमेरा हे त्याची ओळख करून घेण्याचे तितकेच नवे साधन आहे.

चित्रात येणारी माणसे

प्राण्यासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात सर्वांत अधिक चित्रे निघतात ती माणसांचीच. पहाटे शेताला जाणारे, गवत कापणाऱ्या बाया, मेंढपाळ, मोटारीची तार चोरणाराही. कॅमेऱ्याला यांत निवड करता येत नाही. ती माणसाने करावयाची असते. उत्तराखंडातील कॉर्बेट भागात वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांचा जंगलात लाकूडफाट्यास जाणाऱ्या स्त्रियांवर नजर ठेवण्याकरिता दुरुपयोग झाल्याचे केंब्रिज विद्यापीठातील एका संशोधकाने २०२४ मध्ये दाखवून दिले. कॅमेऱ्याच्या भीतीने स्त्रियांनी नेहमीच्या वाटा सोडल्या, मोकळेपणी गाणे व बोलणे सोडले. रानात मोठ्याने बोलणे-गाणे हे केवळ मनोरंजन नव्हे. त्यामुळे श्वापद आधीच दूर होते.

म्हणून कॅमेरा नदीच्या घाटाकडे, विहिरीकडे, घराच्या अंगणाकडे किंवा स्त्रिया शौचास जातात त्या आडोशाकडे तोंड करून कदापि लावू नये. कोठे लावला आहे हे ग्रामसभेत व महिलांच्या बचत गटात आधी सांगावे आणि वाटेवर पाटी लावावी. पाटीमुळे चोराला कॅमेरा सापडेल ही भीती खरी आहे. तिच्यावर साखळी, कुलूप व कॅमेऱ्यातील परवलीचा शब्द हे उपाय आहेत. कार्ड एकाच जबाबदार माणसाने पाहावे व माणसांची चित्रे तेथेच पुसावीत. चोरीचा प्रकार दिसल्यास ते कार्ड पोलिसांकडे द्यावे, मोबाइलवरून गावभर फिरवू नये.

बिबट्याचे चित्रही त्याच रात्री मोबाइलवरून पसरविण्यात लाभ नाही. चित्राबरोबर ठिकाण कळले की सकाळी तेथे जत्रा भरते, आणि घेरलेला बिबट्या माणसांवर धावतो. दुसऱ्या जिल्ह्यातील किंवा गेल्या वर्षीचे चित्र “आपल्याच मळ्यातले” म्हणून फिरते, तेव्हा तर भीतीला धरबंधच राहत नाही. अशा वेळी ज्याच्याजवळ तारीख, वेळ व ठिकाण लिहिलेली नोंदवही आहे, त्याच्याच शब्दाला वजन येते. नोंदवहीत प्राणी, तारीख, वेळ, जाण्याची दिशा, दिसलेली कूस आणि त्या रात्री शिवारात काय चालले होते (पाणी भरणे, तोडणी, लग्नाची पंगत) एवढे रकाने पुरेत. काहीच न दिसलेल्या रात्रीही लिहाव्यात.

जनावर मारले गेल्यास चित्र मिळाले तरी पंचनाम्याला ते पर्याय नाही. मृत जनावर न हलविता वनखात्यास तत्काळ कळवावे. चित्र पंचनाम्याबरोबर जोडावे.

पावसाळ्यात उसाची वाट चिखलाने बंद होते व कॅमेऱ्यात ओल शिरते, तेव्हा जूनच्या पहिल्या पावसाआधी तो उतरवावा. पेटीच्या आतील बाजूस मुंग्या वारूळ करतात. मऊ कुंचल्याने ती झाडावी, फटीतील रबरी पट्टी फाटली असल्यास बदलावी. बॅटऱ्या आत तशाच राहू दिल्यास पाझरून आतील पत्रे कुजतात, म्हणून त्या काढाव्यात, आणि ओल शोषणाऱ्या खड्यांची पुडी घालून पेटी झाकणाच्या डब्यात ठेवावी. भाताच्या कणगीत ती पुरून ठेवण्याची युक्ती कोणी सांगतात. तिने ओल जाते, पण कोंडा भिंगाच्या फटीत अडकतो.